बालखेळाडूंसाठी बेसबॉल बॅटची निवड

बालखेळाडूंसाठी बेसबॉल बॅटची निवड म्हणजे साधारणतः पाच ते सोळा वर्षे वयाच्या खेळाडूची उंची, ताकद, बॅट फिरविण्याची पद्धत आणि तो ज्या स्पर्धामालिकेत (लीगमध्ये) खेळतो तिचे नियम यांचा विचार करून त्याच्यासाठी योग्य लांबीची, वजनाची, घडणीची व प्रमाणित बॅट ठरविणे होय. प्रौढ व्यावसायिक खेळाडूंच्या बॅटविषयीचे नियम तुलनेने थोडके आहेत. मुलांच्या बॅटविषयीचे नियम मात्र वयोगट आणि संघटना यांनुसार बदलतात. मुलांच्या बॅट बहुधा लाकडाऐवजी धातूच्या किंवा संमिश्र द्रव्याच्या असल्याने चेंडू किती वेगाने परतावा, हा सुरक्षिततेशी निगडित प्रश्नही या निवडीत येतो. या लेखात प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बालबेसबॉलचा विचार केला आहे.

बॅटचे भाग

बेसबॉलची बॅट ही क्रिकेटच्या बॅटप्रमाणे सपाट नसून गोल दंडाकृती असते. तिच्या खालच्या टोकाला गोल गाठ असते, तिला नॉब म्हणतात. हात निसटू नये हे तिचे काम. नॉबच्या वरचा बारीक भाग म्हणजे मूठ. तिच्यावर रबरी, चामड्याची किंवा कृत्रिम पट्टी गुंडाळलेली असते. मुठीपासून बॅट हळूहळू जाड होत जाते आणि शेवटी फुगीर भाग येतो, त्याला बॅरल म्हणतात. चेंडू याच भागावर घ्यायचा असतो. पोकळ बॅटच्या वरच्या टोकाला टोपण बसविलेले असते.

बॅरलवर टोकापासून साधारण पाच ते सात इंच अंतरावर असा एक पट्टा असतो, की जेथे चेंडू लागल्यास बॅटमध्ये कंपने कमीत कमी निर्माण होतात आणि चेंडूला अधिकाधिक वेग मिळतो. चेंडू या पट्ट्याच्या बाहेर, विशेषतः मुठीकडे लागल्यास हाताला झिणझिण्या येतात. थंड हवेत त्या अधिक जाणवतात. लहान मुलाच्या मनात चेंडूची भीती बसण्याचे हे एक कारण ठरू शकते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात बेसबॉलची बॅट लाकडाचीच असे. आरंभी हिकरी व पुढे ॲश या झाडांच्या लाकडाला पसंती मिळाली. १९३९ साली कार्ल स्टॉट्झ यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे लिटल लीग सुरू केली तेव्हा मुलेही लाकडी बॅटनेच खेळत. लाकडी बॅट मोडते. प्रत्येक हंगामात नव्या बॅट घेण्याचा खर्च लहान गावांतील संघांना भारी पडे.

धातूच्या बॅटचे पेटंट विल्यम श्रॉयर यांनी १९२४ साली मिळविले होते. तथापि अशा बॅट प्रत्यक्ष मैदानावर दिसू लागल्या त्या १९७०च्या सुमारास. १९७१ मध्ये लिटल लीगने व १९७४ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलने ॲल्युमिनियमच्या बॅटला मान्यता दिली. न मोडणारी, म्हणून स्वस्त पडणारी बॅट हा या बदलाचा मूळ हेतू होता. पोकळ बॅट लाकडापेक्षा हलकी करता येते आणि तिच्यावरून चेंडू अधिक वेगाने परततो, हे गुण पुढे विक्रीचे मुख्य मुद्दे झाले. पुढील चार दशकांत बॅटविषयीचे नियम या वेगाला आवर घालण्यासाठी वारंवार बदलावे लागले.

व्यावसायिक मेजर लीग बेसबॉलमध्ये मात्र आजही एकाच अखंड लाकडाची बॅट वापरणे बंधनकारक आहे. तिची लांबी ४२ इंचांपेक्षा व व्यास २.६१ इंचांपेक्षा अधिक असू शकत नाही.

लांबी

बॅटची लांबी इंचांत मोजतात. बॅट फार लांब असेल तर तिचे टोक मुलाला आवरत नाही, ती उशिरा फिरते आणि आतल्या बाजूने आलेला चेंडू मुठीजवळ लागतो. फार आखूड असेल तर १७ इंच (सुमारे ४३ सेंमी) रुंदीच्या होम प्लेटच्या पलीकडच्या कडेवरून जाणाऱ्या चेंडूपर्यंत बॅरल पोहोचत नाही. त्या चेंडूसाठी मूल पुढे वाकते व तोल घालवते.

वयानुसार साधारणपणे पुढील लांबी सुचविली जाते :

• ५ ते ७ वर्षे : २४ ते २६ इंच (६१ ते ६६ सेंमी)
• ८ ते ९ वर्षे : २६ ते २८ इंच (६६ ते ७१ सेंमी)
• १० वर्षे : २८ ते २९ इंच (७१ ते ७४ सेंमी)
• ११ ते १२ वर्षे : ३० ते ३१ इंच (७६ ते ७९ सेंमी)
• १३ ते १४ वर्षे : ३१ ते ३२ इंच (७९ ते ८१ सेंमी)
• १५ ते १६ वर्षे : ३२ ते ३३ इंच (८१ ते ८४ सेंमी)

हे आकडे आरंभबिंदू म्हणूनच घ्यावयाचे असतात. एकाच इयत्तेतील दोन मुलांच्या उंचीत वीतभर अंतर असू शकते. म्हणून वयापेक्षा उंची आणि हाताची लांबी हे अधिक भरवशाचे निकष होत.

दुकानात लांबी पडताळण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत मूल सरळ उभे राहते, बॅटचे बॅरलकडील टोक पायाशेजारी जमिनीवर टेकवून ती बाजूला उभी धरतात. सैल सोडलेल्या हाताचा तळवा नॉबपर्यंत सहज पोहोचला तर लांबी योग्य समजतात. दुसऱ्या पद्धतीत नॉब छातीच्या मध्यावर टेकवून बॅट समोर आडवी धरतात आणि दुसरा हात तिच्या कडेने पुढे पसरतात. बोटांची टोके बॅरलच्या टोकाला वळसा घालू शकली तर बॅट त्या मुलाच्या आवाक्यातील आहे असे मानतात.

वजन आणि ‘ड्रॉप’

बॅटचे वजन औंसांत मोजतात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. वजन व लांबी यांचा संबंध दाखविण्यासाठी ‘ड्रॉप’ ही संज्ञा वापरली जाते. औंसांतील वजनाच्या आकड्यातून इंचांतील लांबीचा आकडा वजा केला की ड्रॉप मिळतो आणि तो उणे चिन्हासह लिहितात. ३० इंच लांब व २० औंस वजनाच्या बॅटचा ड्रॉप −१० असतो. ३३ इंच लांब व ३० औंस वजनाच्या बॅटचा −३. उणे चिन्हापुढील आकडा जितका मोठा, तितकी बॅट तिच्या लांबीच्या मानाने हलकी.

ड्रॉप म्हणजे वजन नव्हे, ही गोष्ट खरेदीच्या वेळी पुष्कळदा विसरली जाते. २८ इंची −१० बॅट १८ औंसांची (सुमारे ५१० ग्रॅम) असते, तर ३१ इंची −१० बॅट २१ औंसांची (सुमारे ५९५ ग्रॅम). ‘गेल्या वर्षीचाच ड्रॉप’ म्हणून तीन इंच लांब बॅट घेतली तर वजनही तीन औंसांनी वाढते, शिवाय ते वजन हातापासून अधिक दूर जाते. तसेच बॅटवर छापलेले वजन आणि तराजूवरील वजन यांत थोडा फरक पडू शकतो; मुठीची पट्टी जाड असल्यास तो वाढतो.

साधारणतः सात वर्षांखालील मुले −१० ते −१३, आठ ते बारा वर्षांची मुले −८ ते −११ आणि तेरा-चौदा वर्षांची मुले −५ ते −८ या ड्रॉपच्या बॅट वापरतात. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील (हायस्कूल) सामन्यांत लाकडाव्यतिरिक्त द्रव्याच्या बॅटचा ड्रॉप −३ पेक्षा हलका चालत नाही.

ही शेवटची पायरी मुलांना अवघड जाते. ३१ इंच व २१ औंसांच्या बॅटची सवय असलेल्या मुलाने एकदम ३२ इंच व २९ औंसांची बॅट घेतली तर त्याच्या हातातले वजन आठ औंसांनी, म्हणजे सुमारे सव्वादोनशे ग्रॅमने, वाढते. हायस्कूलच्या निवडचाचणीपूर्वी एक-दोन हंगाम −८ व −५ अशा मधल्या पायऱ्यांवरून गेल्यास हा धक्का कमी होतो.

फिरविताना जाणवणारे वजन

तराजूवर सारख्या वजनाच्या दोन बॅट हातात सारख्या वाटतीलच असे नाही. बॅट फिरविण्यास लागणारा जोर तिचे वस्तुमान कोठे साठले आहे यावर अवलंबून असतो. भौतिकशास्त्रात या गुणधर्माला जडत्वाघूर्ण म्हणतात. ज्या बॅटचे वजन हाताकडे अधिक असते तिला ‘संतुलित’, तर जिचे वजन टोकाकडे अधिक असते तिला ‘टोकभारी’ म्हणता येईल. टोकभारी बॅट योग्य जागी चेंडू लागल्यास अधिक जोर देते. पण ती सुरू करण्यास व थांबविण्यास अधिक ताकद लागते. बहुतेक बालखेळाडूंना संतुलित बॅटच सोयीची पडते. मूठ इंचभर वर धरली तरी बॅट हलकी भासते, याचे कारणही हेच होय.

चेंडूला मिळणारा वेग हा बॅटचे वस्तुमान व बॅटचा वेग या दोहोंवर अवलंबून असतो. बॅट जड घेतली तर तिचा वेग घटतो. फार हलकी घेतली तर वेग वाढतो, पण धडकेत मागे वस्तुमान उरत नाही. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक खेळाडूसाठी एक सुवर्णमध्य असतो, हे रॉबर्ट वॉट्स व टेरी बॅहिल या अभ्यासकांनी खेळाडूंच्या बॅटचा वेग मोजून दाखविले. ॲलन नेथन व डॅनियल रसेल या भौतिकशास्त्रज्ञांनीही बॅट व चेंडू यांच्या टकरीचा विस्तृत अभ्यास केला आहे. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हलकी बॅट लवकर फिरत असल्याने मुलाला चेंडू क्षणभर अधिक पाहता येतो आणि मग निर्णय घेता येतो. चेंडू बॅटला लागणे हेच ज्या वयात मोठे यश असते, त्या वयात हा क्षण जोरापेक्षा मोलाचा ठरतो.

वजन पडताळण्याची सोपी चाचणी अशी : मुलाने एका हातात बॅट मुठीच्या टोकाशी धरून खांद्याच्या रेषेत आडवी लांबवावी. वीस ते तीस सेकंदांच्या आत हात थरथरू लागला किंवा खाली आला तर बॅट जड समजावी. याहून भरवशाची चाचणी मैदानावर होते. टीवर (चेंडू ठेवण्याच्या उभ्या दांडीवर) चेंडू ठेवून मुलाला पंधरा-वीस वेळा बॅट फिरवू द्यावी आणि पहिल्या नव्हे, तर शेवटच्या पाच फटक्यांकडे पाहावे. थकल्यावर मागचा खांदा खाली झुकत असेल, बॅट वरून गोल वळसा घेऊन येत असेल किंवा फटक्यानंतर मूल भेलकांडत असेल, तर ती बॅट त्याच्यासाठी अजून जड आहे.

घडण व द्रव्य

लाकूड : ॲश, मेपल व बर्च ही तीन लाकडे प्रचलित आहेत. ॲश लवचीक असते व वापराने तिचे पापुद्रे सुटतात. मेपल अधिक कठीण असते, पण मोडताना तिचे मोठे तुकडे उडू शकतात. २००१ साली बॅरी बाँड्स यांनी मेपलच्या बॅटने एका हंगामात ७३ होमरन केल्यानंतर मेपलचा वापर झपाट्याने वाढला. आशियातून आलेल्या एमराल्ड ॲश बोरर या भुंग्याने उत्तर अमेरिकेतील ॲश वृक्षांचा मोठा संहार केल्यामुळेही ॲशच्या बॅट कमी झाल्या. लाकडी बॅटचा प्रभावी पट्टा अरुंद असतो. चूक लगेच हाताला कळते. म्हणून अनेक प्रशिक्षक सरावासाठी लाकडी बॅट सुचवितात. चेंडू खेळताना बॅटवरील छाप वर किंवा खाली राहील असे धरावे लागते, अन्यथा लाकूड त्याच्या दुबळ्या बाजूने मोडते.

मिश्रधातू : ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची बॅट पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेने चालते, थंडीत सहसा तडकत नाही आणि खराब होताना बहुधा पोचे पडून खराब होते. किंमत तुलनेने कमी असल्याने नवख्या खेळाडूला ती बहुतेक वेळा पुरेशी असते.

संमिश्र द्रव्य (कॉम्पोझिट) : कार्बनतंतू व राळ यांच्या थरांनी बनलेल्या या बॅटमध्ये वजनाची वाटणी निर्मात्याला हवी तशी करता येते आणि हाताला कंपने कमी जाणवतात. मात्र अशा बऱ्याच बॅट सुमारे दीडशे-दोनशे फटक्यांनंतरच ‘मुरतात’. हे फटके मारताना दर वेळी बॅट थोडी फिरवून घ्यावी लागते. सुमारे १६ अंश सेल्सियसखालील थंडीत त्या तडकण्याचा संभव असतो. उत्तम प्रतीच्या संमिश्र बॅटची किंमत तीनशे डॉलरांच्या पुढे जाते. एखाद-दोन हंगामांत लहान पडणाऱ्या बॅटसाठी हा खर्च कितपत योग्य, हे प्रत्येक कुटुंबाने ठरवायचे असते.

मिश्र घडण : मूठ संमिश्र द्रव्याची व बॅरल मिश्रधातूचे अशाही बॅट मिळतात. एकसंध बॅट अधिक ताठ असते; दोन तुकड्यांच्या बॅटमधील सांधा कंपने शोषून घेतो.

प्रमाणचिन्हे व नियम

पोकळ बॅटवर चेंडू आदळतो तेव्हा बॅरलची पातळ भिंत क्षणभर आत दबते व पुन्हा उसळते. ताणलेल्या जाळीवर उडी मारणारा माणूस जसा वर फेकला जातो तसा चेंडू परत फेकला जातो; यालाच ट्रॅम्पोलिन परिणाम म्हणतात. भरीव लाकडात हा परिणाम जवळजवळ नसतो. प्रमाणचिन्हे मुख्यतः या परिणामाची मर्यादा ठरवितात.

यूएसए बॅट : यूएसए बेसबॉल या राष्ट्रीय संघटनेने ठरविलेले हे मानक १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बॅटची कामगिरी लाकडाच्या जवळपास राहावी हा त्याचा उद्देश आहे. मानक स्वीकारणाऱ्यांत लिटल लीग व बेब रूथ लीग यांचा समावेश होता. लिटल लीगच्या बारा वर्षांपर्यंतच्या मेजर व त्याखालील गटांत बॅटची लांबी ३३ इंचांपेक्षा आणि व्यास २.६२५ इंचांपेक्षा अधिक चालत नाही. २०१८ पूर्वी या गटांत व्यासाची मर्यादा सव्वादोन इंच होती. एकाच अखंड लाकडाच्या बॅटला या चिन्हाची गरज नसते.

यूएसएसएसए : फिरत्या संघांच्या (ट्रॅव्हल बॉल) अनेक स्पर्धांत हे चिन्ह चालते. त्याची मर्यादा १.१५ या निर्देशांकाने दर्शवितात. या बॅटवरून चेंडू यूएसए बॅटपेक्षा अधिक वेगाने परततो. बॅरलचा व्यास पावणेतीन इंचांपर्यंत असू शकतो. लिटल लीगमध्ये केवळ हेच चिन्ह असलेली बॅट चालत नाही.

बीबीकॉर : टकरीपूर्वीचा व टकरीनंतरचा सापेक्ष वेग यांच्या गुणोत्तरावर आधारलेले हे मानक असून त्याची कमाल मर्यादा ०.५० आहे. महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये ते २०११ पासून व हायस्कूल बेसबॉलमध्ये २०१२ पासून लागू झाले.

टी-बॉल : अगदी लहान मुलांसाठीच्या, २६ इंच व त्याहून आखूड अशा काही बॅट केवळ मऊ टी-बॉल चेंडूंसाठी बनविलेल्या असतात व तशी सूचना त्यांवर छापलेली असते. कठीण चेंडूसाठी त्या वापरू नयेत.

एकच मूल शनिवारी गावच्या लीगमध्ये आणि रविवारी फिरत्या संघातून खेळत असेल तर त्याला दोन वेगवेगळ्या चिन्हांच्या बॅट लागू शकतात. म्हणून खरेदीपूर्वी त्या हंगामाची लेखी नियमावली पाहणे, हीच या निवडीतील पहिली पायरी होय. मान्यता मिळालेली बॅट पुढे बाद होऊ शकते. २०१८ साली ३० इंच व २० औंसांच्या एका लोकप्रिय बॅटची यूएसए बॅट मान्यता हंगाम सुरू असतानाच काढून घेण्यात आली होती. संमिश्र बॅट वापराने अधिक ‘गरम’ होतात, म्हणजे चाचणीच्या वेळेपेक्षा अधिक वेग देऊ लागतात, असे आढळल्याने लिटल लीगने २०१० मध्ये अशा बॅटवर सरसकट बंदी घातली होती. स्वतंत्रपणे तपासलेल्या बॅटनाच तीतून सूट मिळाली.

सामन्यात पंच बॅटची तपासणी करू शकतात. पोचे पडलेली बॅट ठरावीक मापाच्या कड्यातून पार होत नसेल तर ती बाजूला काढली जाते. नियमबाह्य बॅट घेऊन खेळल्यास फलंदाज बाद दिला जातो. बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या चुकीपायी मैदान सोडावे लागण्याचा प्रसंग यामुळे ओढवतो.

सुरक्षितता

लिटल लीगच्या बारा वर्षांपर्यंतच्या मैदानावर पिचर व होम प्लेट यांतील अंतर ४६ फूट (सुमारे १४ मीटर) असते; प्रौढांसाठी ते ६० फूट ६ इंच आहे. ताशी ६० मैल (सुमारे ९७ किमी) वेगाने परतणारा चेंडू ४६ फुटांचे अंतर सुमारे अर्ध्या सेकंदात कापतो. चेंडू टाकल्यावर पिचर एक पाऊल पुढे आलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याला त्याहूनही कमी वेळ मिळतो. बेसबॉलचा चेंडू ५ ते ५.२५ औंस (१४२ ते १४९ ग्रॅम) वजनाचा व कठीण असतो.

२००३ साली मोंटाना राज्यात धातूच्या बॅटवरून आलेला चेंडू लागून एका अठरा वर्षांच्या पिचरचा मृत्यू झाला. बॅटच्या धोक्याची पुरेशी सूचना निर्मात्याने दिली नव्हती, असा निर्णय देऊन २००९ मध्ये ज्यूरीने कुटुंबाला साडेआठ लाख डॉलरांची भरपाई मंजूर केली. २००६ साली न्यू जर्सीतील एक बारा वर्षांचा पिचर अशाच आघाताने कायमचा अपंग झाला. न्यूयॉर्क शहराने २००७ मध्ये हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदी घातली. लाकडी बॅटवरून आलेला चेंडूही प्राणघातक ठरू शकतो, असा प्रतिवाद उत्पादकांनी व काही संघटनांनी केला. बीबीकॉर व यूएसए बॅट ही मानके या वादाच्या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे त्यांचे प्रयोजन स्पष्ट होते. आपल्या मुलासाठी बॅट निवडणारे पालक समोर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या मुलाची सुरक्षितताही एका अर्थाने निवडत असतात. यंत्राने दाबून ‘मुरवलेली’ किंवा आतून तासून पातळ केलेली बॅट या कारणासाठीच निषिद्ध आहे.

फिरविलेल्या बॅटपासूनही इजा होते. लिटल लीगच्या मेजर व त्याखालील गटांत पुढील फलंदाजाने मैदानात उभे राहून बॅट फिरविण्यास मनाई आहे. बॅटवर चढवायचे जड कडेही तेथे चालत नाही. मुठीची पट्टी सैल किंवा गुळगुळीत झाली की ती लगेच बदलावी लागते.

नेहमीच्या चुका

वाढत्या अंगाचा सदरा घ्यावा तशी वाढत्या अंगाची बॅट घेणे, ही सर्वांत सामान्य चूक होय. सैल सदऱ्याने फार तर मूल गबाळे दिसते. जड बॅटने त्याच्या हालचालीला चुकीचे वळण लागते आणि अंगवळणी पडलेली चूक पुढे बॅट योग्य मापाची मिळाली तरी लवकर सुटत नाही. दोन मापांमध्ये शंका असेल तेव्हा नवशिक्यासाठी आखूड व हलके माप घेण्याचा सल्ला प्रशिक्षक देतात. पैसा वाचवायचा असेल तर माप न वाढविता कमी किमतीची मिश्रधातूची बॅट घेणे अधिक श्रेयस्कर.

दुसरी चूक म्हणजे संघातील सर्वांत चांगल्या फलंदाजाची बॅट पाहून तीच घेणे. तिसरी म्हणजे मुलाला न विचारता खरेदी करणे. हातात घेतल्यावर बॅट कशी वाटते, हे शेवटी त्यालाच कळते. रंगाच्या मोहात तो चुकीचे माप मागत असेल तर तीच बॅट योग्य मापात शोधता येते. शक्य असल्यास संघातील मुलांच्या निरनिराळ्या मापांच्या बॅट सरावात वापरून पाहाव्यात.

वापरलेली बॅट घेताना बॅरल व मुठीवर केसासारखी बारीक चीर आहे का, हलविल्यावर आत काही खुळखुळते का, टोपण सैल आहे का व प्रमाणचिन्ह स्पष्ट वाचता येते का, हे पाहावे. निर्मात्याची हमी बहुधा पहिल्या ग्राहकापुरती असते.

निगा

बॅट उन्हात तापलेल्या किंवा थंडीने गारठलेल्या गाडीत ठेवू नये. भिजलेले चेंडू आणि यंत्रातून टाकले जाणारे खाचांचे कठीण चेंडू यांनी पोकळ बॅटची हानी होते. बुटांना लागलेला चिखल बॅटने झाडण्याची किंवा ती जमिनीवर आपटण्याची सवय मोडावी. लाकडी बॅट ओल लागणार नाही अशा जागी ठेवावी.

मराठी भाषकांच्या संदर्भात

महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल व सॉफ्टबॉल या दोन्ही खेळांचा समावेश आहे. दिसण्यात साम्य असले तरी या खेळांच्या बॅट परस्परांऐवजी वापरण्याजोग्या नाहीत. सॉफ्टबॉलचा चेंडू १२ इंच परिघाचा, म्हणजे बेसबॉलपेक्षा (९ ते ९.२५ इंच) बराच मोठा असतो. सॉफ्टबॉलच्या बॅटचा व्यास सव्वादोन इंचांपर्यंत व लांबी ३४ इंचांपर्यंत असते. तिची रचना त्या चेंडूसाठी केलेली असल्याने बेसबॉलच्या चेंडूने ती तडकू शकते. वर्गभर मुलांना एकाच बॅटने खेळावे लागत असेल तर ती सर्वांत दणकट मुलाच्या मापाची नसावी. बॅट थोडी हलकी असली तर मोठ्या मुलांचे फारसे अडत नाही. जड असली तर लहान मुलांना ती नीट फिरविताच येत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही बेसबॉल खेळतात. क्रिकेटवर वाढलेल्या पालकांना ‘बॅट जरा भारी असावी, चेंडू आपोआप जातो’ असे वाटणे स्वाभाविक आहे. क्रिकेटमध्ये बॅट उभ्या रेषेत लोलकासारखी खाली येते, तेव्हा तिचे वजन फलंदाजाला साह्य करते. बेसबॉलमध्ये ती बव्हंशी आडवी फिरते आणि तिचा सर्व भार मुलाच्या मनगटांवर, खांद्यांवर व कमरेवर येतो. क्रिकेटमधील अनुभवावरून बेसबॉलच्या बॅटचे वजन ठरवू नये, याचे कारण हेच.

हे सुद्धा पहा

• बेसबॉल
• सॉफ्टबॉल
• लिटल लीग
• मेजर लीग बेसबॉल
• क्रिकेट बॅट